टाकीपाशी उजवीकडे

"अहो, टाकीला रंग देतोय. राखाडी चालेल ना?"

कॅप्टन आरशासमोर टायची गाठ बांधत होते आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते, "नदी. पूल. टाकी. टाकीपाशी उजवीकडे."

"टाकीचंच म्हणतेय मी. त्या पिवळ्या रंगाने तिसऱ्या मजल्यावरच्या जजसाहेबांचं डोकं दुखतं म्हणे. राखाडी दिला की आजूबाजूच्या गच्च्यांत छान मिसळून जाईल. कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही."

"हं," कॅप्टन म्हणाले.

हा 'हं' कॅप्टननी संसाराच्या सुरुवातीच्या वर्षांतच कमावला होता. त्याचा अर्थ हो असा होता, नाही असाही होता, संध्याकाळी बघू असाही होता आणि माझा मोजा कुठे आहे असाही होता. त्यांची बायको मात्र त्यातला सगळ्यात सोयीचा अर्थ घ्यायची. दोन महिन्यांपूर्वी ती इमारतीच्या रहिवासी समितीची अध्यक्ष झाली होती आणि घरात विचारल्याशिवाय मी एकही निर्णय घेत नाही, असं ती चारचौघांत अभिमानाने सांगायची. त्याप्रमाणे तिने विचारलं. उत्तर आलं. ती रंगाऱ्यांना फोन करायला गेली.

कॅप्टनच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की त्या दिवशी त्यांची परीक्षा होती. विमानतळ भर शहरात अडकलेला, एका अंगाला टेकडी, त्यामुळे यंत्रांच्या भरवशावर सरळ रेषेत उतरायची सोय नाही. वैमानिकाने खिडकीतून खाली बघत नदीच्या कडेकडेने यायचं, पूल ओलांडायचा आणि लोकांच्या गच्च्यांवरचे वाळत घातलेले कपडे ओळखू येऊ लागले की नेमक्या जागी उजवीकडे वळायचं. वळण जमलं तर धावपट्टी समोर हजर. आधीच वळलं तर समोर टेकडी, आणि उशीर झाला तर धावपट्टी बाजूने निघून जाते आणि आपण नुसते तिच्याकडे बघत राहतो. असं उतरायला खास परवाना लागायचा आणि दरवर्षी एक परीक्षक पाठीमागच्या खुर्चीवर बसून तो वाढवून द्यायचा किंवा काढून घ्यायचा.

परवाना गेला तर नोकरी जाणार नव्हती. त्याहून वाईट होणार होतं. कंपनी त्यांना लांबच्या मार्गांवर टाकणार होती. पंधरवडा पंधरवडा घराबाहेर, हॉटेलातल्या उशा, हॉटेलातली जेवणं आणि दाराखालून सरकवलेली अनोळखी भाषेतली वर्तमानपत्रं. कॅप्टनना आकाश आवडायचं, पण संध्याकाळी स्वतःच्या खुर्चीत पाय पसरून बसायला मिळणार असेल तरच. त्या खुर्चीसाठी ते काहीही करायला तयार होते.

आणि तशी काळजी करण्यासारखं काही नव्हतंच, कारण टाकी होती. कैक वर्षांपूर्वी कॅप्टननीच शोध लावला होता की आपल्या इमारतीच्या गच्चीवरची पिवळीधमक टाकी नेमकी वळणाच्या जागी येते. हा शोध त्यांनी विमानतळाच्या कँटीनमध्ये उदार मनाने वाटून टाकला. हळूहळू सगळेच वैमानिक टाकीला वळू लागले. नवीन येणाऱ्यांना जुने सांगायचे, नकाशात डोकं घालू नकोस, टाकी बघ. कॅप्टनना याचा मोठा अभिमान होता. साऱ्या शहराची विमानं आपल्या घराला वळसा घालून जातात, असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि ते वाक्य विमानाच्या आवाजात बुडून जायचं.

दुपारी परतीच्या विमानात परीक्षक मागे येऊन बसले. वाळक्या अंगाचे, पडलेल्या मिशांचे गृहस्थ. वैमानिक त्यांना 'मुके काका' म्हणत. परीक्षेत ते अवाक्षर काढत नसत आणि नापास करतानाही नुसती मान हलवत. शेजारी को-पायलट म्हणून एक तरतरीत मुलगी होती. शहर जवळ यायला लागल्यावर कॅप्टननी मागच्या खुर्चीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिला विचारलं, "वळण कुठे घेणार आहोत आपण?"

"टाकीपाशी, सर."

"शाब्बास. आणि टाकी दिसली नाही तर?"

"एवढी मोठी टाकी कशी नाही दिसणार, सर?"

"बरोबर," कॅप्टन म्हणाले. मुके काकांनी मिशीवरून बोट फिरवलं.

तेवढ्यात रेडिओवर पुढच्या विमानातल्या वैमानिकाचा आवाज आला. त्याला वळण जमलं नव्हतं आणि तो न उतरता पुन्हा वर चढत होता. "नवखा असेल," कॅप्टन कनवाळूपणे म्हणाले. थोड्या वेळाने त्याच्या मागचाही वर चढला. तो नवखा नव्हता. त्याला कॅप्टन चांगले ओळखत होते, त्याच्या मुलीच्या लग्नात जेवून आले होते. मग त्याच्या मागचाही वर गेला.

"आज सगळ्यांना झालंय काय?" विमानतळाच्या टॉवरमधून विमानं उतरवणाऱ्या बाईंनी विचारलं. त्या एरवी इतक्या शांत बोलायच्या की वैमानिकांना जांभया यायच्या. आज मात्र त्यांच्या आवाजाला धार चढली होती.

नदी आली. पूल आला. कॅप्टन पुढे झुकले आणि डोळे बारीक करून बघू लागले. खाली राखाडी गच्च्या होत्या. त्यापुढे आणखी राखाडी गच्च्या होत्या. पिवळं म्हणून कुठे काही नव्हतं.

"टाकी कुठाय?"

"मीपण तेच बघतेय, सर."

"अगं, असं कसं? सकाळी होती ती. मी तिच्याखालूनच निघालो."

सकाळ हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि त्याच्या मागोमाग सकाळचं एकेक वाक्य कॅप्टनच्या डोक्यात येऊन उभं राहिलं. टाकी. राखाडी. छान मिसळून जाईल. कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. आणि शेवटी स्वतःचा तो 'हं'. त्यांच्या पायाखाली जमीन असती तर ती सरकली असती.

अंदाजाने वळायचा मोह त्यांना झाला नाही असं नाही. पण मागे दीडशे माणसं बसली होती आणि टेकडीला कोणाच्या परवान्याशी देणंघेणं नव्हतं. कॅप्टननी निमूटपणे विमान वर खेचलं. इंधन बघता आता आणखी एकच प्रयत्न हातात होता. तो फसला तर शेजारच्या शहरात जाऊन उतरायचं, प्रवाशांना बसने परत पाठवायचं आणि परवाना मुक्या काकांच्या हातात ठेवायचा.

वर बघावं तर बाजार भरला होता. पाच विमानं एकावर एक मजले करून शहराभोवती घिरट्या घालत होती आणि जो तो दुसऱ्याला टाकीबद्दल विचारत होता.

"पाडली असेल."

"पाडली तर दिसली नसती का पाडताना?"

"काल होती बुवा. मी वळलो की काल तिच्यावरूनच."

"जरा गप्प बसता का सगळे?" टॉवरमधल्या बाई म्हणाल्या. "इथे एक तक्रारीचा फोन आलाय. इमारतीच्या अध्यक्ष आहेत कुणी. त्या म्हणतात, मघापासून विमानं डोक्यावर गोल गोल फिरतायत, आमच्या टाकीचा रंग बघायला येताय की काय?"

मग कोणीतरी हळूच विचारलं, "कसला रंग?"

"राखाडी. थांबा, विचारते." बाई थोड्या वेळाने परत आल्या. "सकाळीच दिलाय. त्या म्हणतात, मी मनाने केलेलं नाही. माझे मिस्टर स्वतः विमान चालवतात, त्यांना विचारूनच केलंय."

"कोण गाढव आहे हा?" लग्न झालेल्या मुलीच्या वडिलांनी अख्ख्या आकाशाच्या वतीने विचारलं.

को-पायलट मुलीने मान वळवून कॅप्टनकडे पाहिलं. ती त्यांच्या घरी एकदा चहाला आली होती. कॅप्टननी समोरच्या काट्यांवर नजर खिळवली, पण काट्यांतही त्यांना बायकोच दिसत होती. गप्प बसून भागणार नव्हतं. वरच्यांचं इंधन जळत होतं आणि टाकीची वाट बघत सगळे तसेच फिरत राहिले असते. त्यांनी बटण दाबलं आणि घसा साफ केला.

"ते मिस्टर मी आहे. टाकी आता राखाडीच आहे. तिची वाट बघू नका."

यावर जे हशे उसळले ते टॉवरमधल्या बाईंनी मोठ्या मुश्किलीने आवरले. त्यात त्यांचा स्वतःचाही एक होता. "मग तुम्हीच उतरा पहिले," त्या म्हणाल्या. "रंग कुठलाही असो, स्वतःचं घर तरी ओळखता येत असेल तुम्हाला."

कॅप्टनना ते ओळखता येत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. इतकी वर्षं त्यांनी वरून टाकी पाहिली होती, घर कधी पाहिलंच नव्हतं. विमान पुन्हा नदीकडे वळलं. त्यांना आपली खुर्ची दिसत होती, शेजारचा दिवा दिसत होता आणि त्या खुर्चीत आपण नाही हेही दिसत होतं.

आणि मुके काका बोलले. "नकाशा आणलाय का?"

एवढंच. कॅप्टन दचकले. को-पायलटने घाईघाईने नकाशा काढून वाचायला सुरुवात केली. "सर, टाकी नाहीच आहे यात. पुलानंतर स्टेडियम दिलंय. स्टेडियमची पलीकडची कड डाव्या पंखाखाली आली की उजवीकडे वळायचं."

"स्टेडियम? इथे स्टेडियम कुठाय?"

"ते काय, सर. समोर."

होतं की. चांगलं गावजेवण बसेल एवढं अंडाकृती स्टेडियम, मधोमध हिरवंगार मैदान. टाकी सापडल्या दिवसापासून कॅप्टननी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. पूल मागे पडला, गच्च्या वर येऊ लागल्या, स्टेडियमची कड सरकत सरकत पंखाखाली आली आणि कॅप्टननी विमान उजवीकडे कलवलं. टेकडी बाजूला झाली. समोर धावपट्टी आली, अगदी नाकासमोर. चाकं टेकली तेव्हा कोणाच्या हातातला पाण्याचा पेलाही हिंदकळला नसेल. कॅप्टनचा जीव भांड्यात पडला.

रेडिओवर टॉवरमधल्या बाईंचा आवाज येत होता, "सगळ्यांनी ऐका. टाकीवाले जसे उतरले तसेच एकेक जण या." त्या दिवसापासून ते 'टाकीवाले' झाले ते कायमचे.

विमान उभं राहिल्यावर मुक्या काकांनी परवान्यावर सही केली. "अंदाजाने वळला असतात तर फाडला असता," ते म्हणाले. दारापर्यंत जाऊन ते परत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या घरी स्वयंपाकघराची भिंत पाडली गेल्या वर्षी. मी वर्तमानपत्र वाचत होतो." मग मान हलवून ते निघून गेले.

कॅप्टन घरी आले ते तरंगतच. परवाना होता, खुर्ची होती, संध्याकाळ होती. बायको रागावली असेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती खुशीत होती. टॉवरवाल्या बाईंशी तिची चांगली ओळख झाली होती. जेवायला बसल्यावर ती एकेक सांगू लागली. विमानतळावरून कोण मोठे साहेब फोनवर आले, त्यांना टाकी पुन्हा पिवळी हवी आहे, जजसाहेब म्हणतात पिवळी केलीत तर कोर्टात जाईन, दुसऱ्या मजल्यावरचे म्हणतात वर्गणी देणार नाही, आणि तळमजल्यावरच्यांना टाकीच नको आहे.

कॅप्टन समोर बसले होते, घास तोंडात जात होते, पण मन अजून पुलावर होतं. मीठदाणी म्हणजे स्टेडियम धरलं, तर भाजीच्या वाटीपाशी वळायचं. किती देखणं वळण होतं ते. चमचा मीठदाणीला घासून उजवीकडे गेला. बायकोने काहीतरी विचारलं.

"हं," कॅप्टन म्हणाले.

ती उठली, फोनपाशी गेली आणि कुणाकुणाशी बोलून आली. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात जजसाहेब उभे होते, काखेत कायद्याचं जाडजूड पुस्तक. त्यांच्या मागे जिन्यावर दुसरा मजला होता, त्याच्या मागे तळमजला.

"अध्यक्ष आहेत का?" जजसाहेबांनी विचारलं.

"आहेत ना, या," बायको म्हणाली आणि तिने कॅप्टनकडे बोट दाखवलं. "जेवणं होतच आलीत त्यांची."

"मी?" कॅप्टनच्या हातातला चमचा ताटात पडला.

"म्हणजे काय? आत्ता विचारलं ना तुम्हाला? म्हटलं, विमानतळ आणि हे सगळे, दोन्हीकडचं तुम्हालाच जास्त कळतं. मी राजीनामा देते, तुम्ही व्हा अध्यक्ष, रोज संध्याकाळी घरीच असता. तुम्ही हो म्हणालात. घरात विचारल्याशिवाय मी काही करते का?"

जजसाहेब आत आले आणि इकडेतिकडे बघून कॅप्टनच्या खुर्चीत बसले. पाय पसरून पुस्तक उघडत म्हणाले, "सुरुवात आपण टाकीच्या मूळ रंगापासून करू. घाई नाही. रोज थोडं थोडं बोलू."

कॅप्टन 'आलोच' म्हणून आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मग कंपनीत ड्युट्या लावणाऱ्या कारकुनाला फोन केला आणि दबक्या आवाजात विचारलं, "ते पंधरवड्याचं लांबचं उड्डाण आहे ना, ते कुणी घेतलं नाही ना अजून? नाही, परवाना मिळाला. उत्तम मिळाला. तुम्ही माझं नाव घाला. आणि हे बघा, उद्या सकाळीच निघणारं काही असेल तर तेच द्या."