आदर्श चालक आणि अर्धा फणस

"गाडीत बसलं की आधी बेल्ट, मग देवाचं नाव!" हे वाक्य माझं आहे. उगाच नाही आमच्या कुणकेश्वरातल्या सीटबेल्ट अभियानासाठी 'आदर्श चालक' म्हणून माझी निवड झाली! मंडपासमोर रुबाबात उतरायचं, आरटीओ साहेबांच्या हस्ते काचेवर 'आदर्श चालक' असा स्टिकर लावून घ्यायचा आणि भाषण ठोकायचं, असा बेत होता. त्या स्टिकरसाठी मी गाडी नवरीसारखी नटवली होती.

वाटेत माझ्या बायकोचं, विमलाचं, माहेर. तिच्या भावाने, सत्यवानाने, अर्धा कापलेला फणस दिला. साडीला चीक लागेल म्हणून विमला मागे बसली आणि फणस माझ्या शेजारी. वळणावर लोळू नये म्हणून तिने त्यालाही बेल्ट लावला. आता पुढच्या दोन्ही बेल्टांची कुलपं मधोमध, जवळजवळ असतात. चीक नेमका माझ्या कुलपात उतरला!

मंडपासमोर मी बटण दाबलं. ढिम्म!

"विमला, सुटत नाय गो!"

"जोरात ओढा!"

"पोट भायर येयत, पण बेल्ट येवचो नाय!"

तेवढ्यात आमचे मानकरी, महादू, नारळ घेऊन आले. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय पान हलत नाही. माझी अवस्था बघून त्यांनी तिथेच हात जोडले.

"बा देवा महाराजा! ह्या तुझा लेकरू पट्ट्यात अडाकला हा, तेका सोडव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" अख्खा मंडप गरजला.

गलका ऐकून साहेब धावत आले. त्यांनी मला पाहिलं, फणसाला पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"गाडी उभी आहे, तरी बेल्ट! आणि फणसालाही बेल्ट! याला म्हणतात निष्ठा!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर विमलाने मागून चिमटा काढला. साहेबांनी स्वतः स्टिकर चिकटवला आणि माईक खिडकीतून आत दिला. मी बसल्या जागेवरून गरजलो, "जीव गेला तरी मी बेल्ट सोडणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट!

सगळे जेवायला पांगल्यावर महादूंनी खोबरेल तेलाची अख्खी बाटली कुलपात रिकामी केली. खट्कन सुटलं! "म्हाराजान आयकल्यान!" म्हणून त्यांनी पुन्हा हात जोडले. जरा जास्तच ऐकलं होतं. कारण आता कुलूप बेल्ट धरेचना! घातला की सुळकन बाहेर.

"हळू हळू जाऊया," मी म्हटलं. तर गावाबाहेरच्या पहिल्याच वळणावर अभियानाची तपासणी! पोलीस बाईंनी काचेवरचा स्टिकर वाचला. बेल्ट लावलेली विमला पाहिली. बेल्ट लावलेला फणस पाहिला. मग माझा तेलकट, मोकळा बेल्ट पाहिला.

"काका, कुलूप दुरुस्त होईपर्यंत गाडी इथेच राहील. आणि तो स्टिकर काढा."

मी रडवेल्या तोंडाने स्टिकर सोलला. विमलाने तो माझ्या हातातून घेतला आणि फणसावर दाबला.

"चालकाच्या बाजूक बेल्ट लावन बसलेलो ह्योच एकटो. मान ह्येचो!"

काट्यांवर काय चिकटणार, असं मला वाटलं. पण चिकावर तो असा बसला की नखाने निघेना.

मग काय! फणस डोक्यावर घेऊन भर उन्हात गावाकडे चालत निघालो. मागून विमला, पदरात तोंड लपवून हसत. समोरून जेवून घरी परतणारा सगळा मंडप!

"अरे, आदर्श चालक खंय गेलो?" कोणीतरी ओरडलं.

मी डोक्यावरच्या फणसाकडे बोट दाखवलं.