अण्णांचा हार आणि मुंबईचे बुवा

या, सरका पुढं, सतरंजीवर जागा आहे. तेरच्या शामलेची गोष्ट सांगतो. कीर्तनाला बसता तसं मन लावून ऐका.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढल्या वर्षी गावाला बॅटरीवरचा रेडिओ मिळाला. ग्रामसेविका अनसूयाबाई दर मंगळवारी देवळाच्या ओसरीत पोरींना विज्ञान शिकवायच्या. रेडिओची देखभाल त्यांनी या पोरींवरच सोपवली. शामला त्यांत हुशार. तिला धाराशिवच्या शाळेत विज्ञान शिकायचं होतं. पण वडिलांच्या माघारी घर सांभाळणारे चुलते, अंबादासअण्णा, म्हणाले, एकादशीला मुंबईहून कीर्तन लागणार आहे, ते गावाला नीट ऐकव, मग खुशाल जा. मधेच बंद पडलं तर विज्ञान पुरे, चूल धर.

अण्णांनी चाळीस वर्षांत एकही कीर्तन चुकवलं नव्हतं. बुवांचा मान कसा राखावा हे आपल्याला कुणी शिकवू नये, असं ते म्हणत. त्या संध्याकाळी नमन झालं, अभंग लागला, आणि अण्णा गहिवरून उठले. रेडिओला बुक्का लावला. पाणी शिंपडलेला झेंडूचा मनगटाएवढा जाड हार घातला. हार घसरून मागं बॅटरीच्या तारेला लटकला आणि बुवा चरणाच्या मधेच गप्प झाले.

"बघा," अण्णा म्हणाले, "पोरींच्या हाती यंत्र दिलं की असं होतं."

शामला मागं गेली. बायकांतून शांताक्कांनी विचारलं, "काय झालं गं?"

"तार निसटली."

"कशानं?"

शामलेनं हार पाहिला, अण्णांकडं पाहिलं. "वजनानं," एवढंच म्हणाली.

"लई भक्ती झाली म्हणायची," शांताक्का म्हणाल्या.

शामलेनं हार तारेवरून सोडवून पुढं सारला, पदरानं ओली तार पुसली, बुक्का झाडला; कंदिलाच्या उजेडात टोक खरवडून घट्ट बसवायला अर्धा तास गेला. रेडिओ बोलू लागला. पण तोवर कीर्तन संपून बाजारभाव लागले होते. आरतीआधी उठायचं नाही ही गावाची रीत. म्हणून सारं तेर हात जोडून ज्वारी, करडई, गुळाचे भाव ऐकत राहिलं. भुईमुगाला अण्णांनी मान डोलावली.

आरती झाल्यावर अण्णांनी हार उतरवला, हातात तोलून पाहिला आणि वाकून मागची तार निरखली.

"धाराशिवला कधी जायचं?"

"सोमवारी, अण्णा."

"जा. जायच्या आधी ती तार मला दाखवून जा."

पुढच्या एकादशीलाही अण्णांनी हार आणला, पण कीर्तन संपेपर्यंत तो मांडीवरच धरून बसले. तुमच्या घरी रेडिओवर कीर्तन लागलं, तर बुवांना हात जोडाल तेव्हा शामलेचीही आठवण ठेवा.