सलीमचाचांचं ‘इम्पेकाब्ले’

दिग्रसमध्ये सलीमचाचांकडे मोटारसायकल धुवायला टाकली, तर ती स्पॅनिशमध्ये किती स्वच्छ हवी ते आधी ठरवावं लागतं. नुसता चिखल निघाला की ‘लिंपिओ’. टाकीत आपलं तोंड दिसलं की ‘रेलुसिएन्ते’. आणि चाकाच्या तारांवर नख घासूनही मळ सापडला नाही, तरच ‘इम्पेकाब्ले’.

चाचांचं गॅरेज माझ्या घराला लागून. तरी माझी गाडी कधी ‘लिंपिओ’च्या वर गेली नाही. एकदा मी स्वतः दोन तास घासून नेली. चाचांनी मडगार्डखालून बोट फिरवलं, ते काळं बोट माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाले, “सर, शाळेत पोट्ट्याइले असेच मार्क वाटून राह्यले काय?”

पाने, खुर्ची, चष्मा, सगळं ते पेट्रोलच्या फडक्यानं पुसतात. चहाचा कपही पुसतात, म्हणून मी त्यांच्याकडे चहा घेत नाही. हे परदेशी शब्द ते मोबाइलवर शिकले. कशासाठी, असं विचारलं की, “मले शौक आहे,” एवढंच.

खरं कारण मला यंदा रमजानमध्ये कळलं. त्यांचा मुलगा आरिफ स्पेनमध्ये स्वयंपाकी आहे, सून तिकडचीच. पाच वर्षांच्या नातीला, झोयाला, फक्त स्पॅनिश येतं. तिनं व्हिडिओ कॉलवर आजोबांचे ग्रीसनं काळे झालेले हात पाहिले आणि ‘सुसियास’ म्हणाली. म्हणजे घाणेरडे. तेव्हापासून कॉलवर चाचांचे हात टेबलाखाली असतात.

“पोट्टी ईदले येऊन राह्यली,” चाचा म्हणाले. “डिझेल झालं, लिंबू झालं, राख झाली. रेघा काही जात नाही. धुतले, पण काळेच राह्यले, अशा हाताइले कोणता शब्द लावू, सर? लिंपिओ म्हटलं तं खोटं होते.”

दुसऱ्यांच्या गाड्यांचे मार्क कापणारा हा माणूस स्वतःलाही सूट देत नव्हता. मला फार वाईट वाटलं. दोघांनी मिळून मोबाइल धुंडाळला, तेव्हा ‘लावादास’ सापडलं. धुतलेले. बस.

ईदला झोया आली. चाचा हात पाठीमागे धरून गॅरेजच्या दारात उभे होते. मग त्यांनी ते हळूच पुढे केले आणि म्हणाले, “लावादास.”

झोयानं त्यांच्या तळहातावरच्या एका काळ्या रेघेवर बोट घासलं. बोट निरखून पाहिलं. काहीच लागलं नव्हतं. मग ते बोट तिनं थेट आजोबांच्या नाकासमोर धरलं.

“लिंपिओ!”

चाचांच्या यादीतला हा सगळ्यात खालचा शब्द. चाचांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले, सदऱ्याच्या टोकानं, पेट्रोलशिवाय.