व्हॅनच्या मागचा डबा

देवदत्त पोहनकरांनी नोकरीत चौतीस वर्षं काढली आणि त्या चौतीस वर्षांतली एकूण एक सुट्टी कोणाच्या ना कोणाच्या हॉलमध्ये, खाली गादीवर झोपून काढली. म्हणून निवृत्त होताच त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली, आत पलंग ठोकून घेतला आणि चौबे कॉलनीत जाहीर केलं की यापुढे आपण कोणाच्याही घरी मुक्काम करणार नाही. पहिली रात्र नवेगाव बांधच्या जंगलात, तळ्याकाठी, स्वतःच्या पलंगावर, पाय ताणून!

पाय ताणायचं तेवढं जमेना. सुनेत्राबाईंनी एका रात्रीसाठी शेगडी, कुकर, पोळपाट धरून सात पिशव्या आत रचल्या, तेव्हा पलंगावर नवऱ्यापुरती जागा उरली ती उकिडवं बसण्याची.

"एवढं सामान काहून घेऊन राहिली तू?"

"मंग जंगलात मले पोळपाट कोण देईन?"

देवदत्त पंडरीतल्या शेखर वेल्डरकडे गेले. शेखरने मागच्या बंपरखाली जाड हुक जोडला आणि त्यावर पिनेने अडकवायचा, झाकणाचा पत्र्याचा डबा करून दिला. डबा इतका ऐसपैस झाला की मागची नंबर प्लेट त्याच्याआड गेली.

"टेंशन मत लो भैया," म्हणत शेखरने प्लेट उचकटून डब्यावर ठोकली. "अब तो डिब्बा ही गाड़ी है."

सामान डब्यात गेलं, पलंग मोकळा झाला. देवदत्त आडवे होऊन पाय लांब करून पाहत होते, तेवढ्यात शेजारच्या चेतनाताईंनी खिडकीतून आत डोकं घातलं.

"भाऊजी, दुर्गवरूनच जाऊन राहिले न? माह्या बहिणीले एवढे पापड देऊन द्या. मागच्या डब्यात मावून जातीन."

नाही म्हणायची सोय नव्हती. संध्याकाळपर्यंत राजनांदगावला पोचवायचीही दोन गाठोडी आली. वाटेत देवरीला सुनेत्राबाईंचे थोरले भाऊ गुलाबराव राहत, त्यांच्यासाठी लोणच्याची बरणी निघाली. सात पिशव्या मुकाट्याने पलंगावर परत आल्या.

दुर्गच्या बहिणीने पापड काढून घेतले आणि हळहळली. "अगं बाई, डबा रिकामा कसा परत पाठवू?" तिने पापडांच्या जागी दोन कोहळे ठेवले. हुकाला लटकलेला असला तरी डबा तो डबाच! राजनांदगावकरांनी गाठोडी घेऊन पोतंभर चिवडा दिला, वर चहापाण्याला बसवलं, आणि देवरी येईस्तोवर दिवेलागण झाली.

"आता जंगलात जाता का जावईबुवा? काही नाही, राहा इथंच," गुलाबरावांनी निकाल दिला. हॉलमध्ये निळ्या पट्ट्यांची गादी पडली. लग्नापासून देवदत्त तिच्यावरच झोपत आले होते. त्यांना अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

सकाळी कोहळे, चिवडा, बरणी सगळं गुलाबरावांकडे उतरलं. गोदावरीवहिनींनी रात्रीचंही जेवण बांधून दिलं, त्यामुळे सातही पिशव्या तिथेच ठेवायला सुनेत्राबाई राजी झाल्या. वहिनी डब्याकडे वळण्याआधी देवदत्तांनी पिन उपसली, डबा चिंचेखाली ढकलला आणि "परततानी घेऊ" म्हणत व्हॅन सुरू केली. व्हॅन हलकी झाली, मालक तिच्याहून हलके झाले.

जंगलाच्या नाक्यावर रखवालदार गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"काका, पुढं नंबर आहे अन् मागं काहीच नाही?"

"मागची प्लेट डब्यावर आहे."

"डबा कुठाय?"

"देवरीले."

"मंग डबा आला की डब्याले सोडतो आत," रखवालदार शांतपणे म्हणाला. "हे गाडी नाही जात."

देवदत्तांनी फोन केला. ऊन कलल्यावर टेम्पो आला. त्यातून गुलाबराव उतरले, वहिनी उतरल्या, मग डबा उतरला. टेम्पोवाल्याला दुसरं भाडं होतं, तो आल्या पावली गेला.

"डबाच विसरले न तुम्ही, जावईबुवा!" गुलाबरावांनी हसत झाकण उघडलं. "म्हटलं, रिकामा कसा न्यायचा?"

आत निळ्या पट्ट्यांची गादी होती.

प्लेट आली खरी, पण तोवर नाक्याची वेळ संपली होती. फाटक पडलं. तळं आत राहिलं, व्हॅन बाहेर; सकाळी फाटक उघडेस्तोवर मुक्काम नाक्यावरच. गुलाबरावांनी आत शिरून पलंग दाबून पाहिला. "मस्त आहे हो घर तुमचं!"

सुनेत्राबाईंनी नवऱ्याला बाजूला ओढलं. "पहिल्यांदा आपल्या घरी आले माहे दादा-वहिनी. त्याहिले खाली झोपवता का?"

देवदत्तांनी चौतीस वर्षांचा सगळा हिशेब डोळ्यांपुढे आणला. पण पाहुणे ते पाहुणे. दादा-वहिनींना पलंग मिळाला, सुनेत्राबाई पुढच्या सीटवर कलंडल्या आणि यजमानांनी नाक्याच्या ओट्यावर गादी अंथरली.

व्हॅनचं दार आतून सरकलं. फटीतून गुलाबरावांचा प्रेमळ आवाज आला.

"जावईबुवा, संकोच करू नका बरं! आरामात पाय ताणून झोपा."