दोन दारांचा दवाखाना

"सोमवारपासून नव्या पत्त्यांवाल्यांनाही आत घ्यायचंय," मालक म्हणाला, "पण भाऊजी, जुन्याला हात लावायचा नाही. अकरा वर्षं बिनबोभाट चाललंय ते."

मालक म्हणजे भाऊजींच्या बायकोचा धाकटा भाऊ, त्यामुळे कंपनीत सगळेच त्यांना भाऊजी म्हणत, अगदी खालचा वॉचमनसुद्धा. कंपनी चार माणसांची. दवाखान्यांत पेशंटला घरबसल्या वेळ घेता यावी यासाठी लागणारं सॉफ्टवेअर ती बनवायची. म्हणजे भाऊजी बनवायचे आणि बाकीचे तिघं त्याचं कौतुक करत फिरायचे.

भानगड पत्त्यांची होती. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे आखूड पत्ते संपत आले, म्हणून लांबलचक नव्या पद्धतीचे निघाले. पण जुने काही मेले नाहीत. घराघरांतले, ऑफिसांतले जुने कॉम्प्युटर अजून जुन्याच पत्त्याने येतात आणि हातातले मोबाइल नव्या पत्त्याने. सर्व्हरने बिचाऱ्याने दोघांनाही दार उघडायचं. एकच प्रोग्राम दोन्हीकडे कान देऊ शकतो, हे भाऊजींना चांगलं ठाऊक होतं. पण त्यासाठी जुन्याला हात लावावा लागला असता. त्यांनी जुन्या प्रोग्रामची जशीच्या तशी एक नक्कल केली आणि ती नव्या दारावर बसवली. मग आधी जुन्या दाराने एक वेळ घेऊन पाहिली, मिळाली. नव्या दाराने दुसरी घेतली, तीही मिळाली. दोन्ही दारांनी एकच वेळ मागून बघावी, हे काही त्यांना सुचलं नाही.

सुचणार तरी कसं, आठवडाभर त्यांची दाढ ठणकत होती. डाव्या गालाचा फुगा झाला होता. बायको रोज म्हणायची, "काढून टाका एकदाची," आणि भाऊजी रोज म्हणायचे, "गोळीने बसेल." चार ओळींच्या चुकीसाठी अख्खी रात्र जागणारा हा माणूस दाढ काढायच्या नुसत्या कल्पनेने घामाघूम व्हायचा. शेवटी गुरुवारी गरम चहाचा घोट गालात अडकला, तेव्हा त्यांनी ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवरूनच दाताच्या डॉक्टरांकडे शुक्रवारची साडेबाराची वेळ घेतली. शेवटची तेवढीच उरली होती. शुक्रवारी दुपारीच डॉक्टर पंधरा दिवसांसाठी परगावी जाणार होत्या, म्हणून गर्दी. दवाखान्यात सॉफ्टवेअर अर्थातच भाऊजींचं होतं.

शुक्रवारी घरी बसवेना म्हणून ते दहालाच जाऊन बसले. पाच खुर्च्या, एक मासे नसलेली काचेची पेटी आणि काउंटरवर एक ताई. दहाच्या ठोक्याला एक निवृत्त मुख्याध्यापिका उठल्या.

"दहाची वेळ माझी."

"माझी पण दहाचीच," शेजारचा बेकरीवाला म्हणाला आणि त्याने मोबाइल पुढे धरला.

ताईंनी यादी पाहिली. "बाईंचं नाव आहे. तुमचं नाही, दादा."

"मग हे काय आहे? तुमच्याच दवाखान्याचा मेसेज आहे ना हा?"

मेसेज खरा होता. तेवढ्यात साडेदहाची वेळ मागायलाही दोघं आले आणि अकराचीही दोघं. खुर्च्या कधीच संपल्या होत्या. शेवटी ताईंना आठवलं की सकाळी यादीचे दोन कागद छापून आले होते.

"मला वाटलं प्रिंटरने परत दोनदा छापलं," त्या म्हणाल्या आणि पाठकोरा म्हणून ठेवलेला दुसरा कागद त्यांनी ड्रॉवरमधून काढला. त्याच्या मागे त्यांनी अर्धं शब्दकोडं सोडवून ठेवलं होतं. तारीख तीच, वेळा त्याच सहा, वरची नावं मात्र निराळी.

भाऊजींच्या लगेच लक्षात आलं. दोन दारं, दोन नकला आणि प्रत्येकीची आपापली वही. एकीला दुसरीचा पत्ताच नाही. त्यांनी हळूच मालकाला मेसेज केला, 'दोन्ही याद्या वेगळ्या पडल्यात. दवाखान्यात सहा वेळा बारा जणांना गेल्या.' उत्तर लगेच आलं, 'तुम्ही तिथे आहात हे कोणाला कळू देऊ नका.'

"वेळा सहा आणि माणसं बारा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "डॉक्टर किती वाजता निघणार?"

"एकला. गाडी आहे त्यांची."

"ठीक आहे. ज्यांची वेळ एक, त्यांनी जोडीने बसा. एकमेकांचे दात बघा. ज्याचं जास्त दुखतंय तो आत जाईल आणि ज्याचं नुसतं साफ करायचं आहे तो पंधरा दिवसांनी येईल. कोणी हुज्जत घालायची नाही."

बाईंनी चाळीस वर्षं वर्ग सांभाळले होते, त्यामुळे कोणी घातली नाही. थोड्याच वेळात खिडकीच्या उजेडात जोड्या आ वासून उभ्या राहिल्या. कोणी मोबाइलचा टॉर्च धरला होता, कोणी दुसऱ्याची कीड बघून मान हलवत होतं. बाईंनी स्वतः बेकरीवाल्याच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "जा तू आधी. माझी नुसती कवळी घासतेय." एक एक करून लोक आत जाऊ लागले. भाऊजी कोपऱ्यात गाल धरून बसले होते. त्यांचा जोडीदार अजून आला नव्हता आणि तो येऊच नये अशी त्यांनी मनातल्या मनात विनवणी चालवली होती. आज काही झालं नाही तर पंधरा दिवस हा गाल सांभाळायचा, या विचारानेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण हे झालं कसं ते तरी विचारू त्या कंपनीला," ताई म्हणाल्या आणि यादीखाली छापलेला मदतीचा नंबर त्यांनी फिरवला.

कोपऱ्यात भाऊजींचा खिसा वाजला. चार माणसांच्या कंपनीत मदतीला वेगळा माणूस कुठून असणार. भाऊजींनी खिशातच फोन चाचपडून बंद केला. ताईंनी पुन्हा लावला. खिसा पुन्हा वाजला. तिसऱ्या वेळी ताई कागदाकडे नव्हे, भाऊजींकडे बघत नंबर फिरवत होत्या.

"उचला ना," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

भाऊजींनी फोन उचलून कानाला लावला, मग समोरच्याच ताईंकडे बघून खाली ठेवला. "मीच केलंय ते," ते सुजलेल्या गालातून म्हणाले. "जुन्याला हात लावायचा नव्हता ना, म्हणून दोन केले."

"एकाला दुसऱ्याचं विचारायला नको होतं?"

"हवं होतं."

"मग विचारलं का नाही?"

भाऊजी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागले. पंधरा दिवस पुढे ढकलल्या गेलेल्या चार-पाच जणांचं एव्हाना एकमत झालं होतं, आणि बाईंनी ते शब्दांत मांडलं. "यांचं नाव जुन्या यादीतून काढा. साडेबाराची वेळ नव्या यादीतल्या माणसाची. हे येतील पंधरा दिवसांनी."

"बाई, फार दुखतंय हो."

"आम्हालाही दुखतंच आहे."

ताईंनी पेन घेऊन जुन्या यादीतल्या शेवटच्या नावावर रेघ मारली. भाऊजी उठले. दाराशी जाऊन चप्पल पायात सरकवत होते, तेवढ्यात मागून ताईंचा आवाज आला, "थांबा जरा. नव्या यादीत साडेबाराला पण तुमचंच नाव आहे."

"माझं? मी तर एकदाच घेतली."

त्यांनी घरी फोन लावला.

"मीच घेतली काल रात्री, माझ्या मोबाइलवरून," बायको म्हणाली. "तुम्ही कुठले जाताय आपणहून. आठ दिवस नुसतं गोळी गोळी चाललंय."

सगळे मुख्याध्यापिकांकडे बघू लागले. त्यांनी दोन्ही कागद समोर घेतले, चष्मा पुसला आणि विचार केला. "शिक्षा जुन्या यादीतल्या माणसाला झाली, ती झाली," त्या म्हणाल्या. "नव्या यादीतल्या माणसाने काही केलेलं नाही. त्याला आत जाऊ दे."

भाऊजींचा विश्वास बसेना. बाईंच्या पाया पडावं असं त्यांना वाटलं, पण वाकलं की गाल ठणकायचा, म्हणून त्यांनी नुसते हात जोडले. आत जाऊन ते खुर्चीत आडवे झाले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

"डॉक्टर, वेळ घेतानाच मी लिहिलंय," ते म्हणाले. "फक्त तपासणी आणि जमल्यास गोळ्या."

"ते जुन्या यादीत होतं. त्यावर रेघ मारलीय," डॉक्टरांनी हातमोजे चढवत कागदाकडे पाहिलं. "नव्या यादीत आहे, डावीकडची खालची अक्कलदाढ काढणे. आणि खाली शेरा आहे. 'नको म्हणतील. ऐकू नये.'"

भाऊजी नको म्हणाले. डॉक्टरांनी ऐकलं नाही.