बिनडोक यंत्रमानव

खुनशी यंत्रमानवाचं डोकं पेगी बसमध्ये विसरली.

"शेजारच्या सीटवर ठेवलं होतं हो," वेशभूषा सांभाळणारी पेगी म्हणाली. "उतरताना डबा तेवढा आठवणीनं घेतला."

"वा! म्हणजे महत्त्वाची वस्तू वाचली म्हणायची," दिग्दर्शक डेस्मंड म्हणाला.

मँचेस्टरच्या त्या स्टुडिओत चित्रीकरणाला तासभर उरला होता. मालिकेचा पहिलाच भाग. अंतराळयानातला यंत्रमानव बिथरतो आणि शूर कॅप्टन त्याला संपवतो. कॅप्टन होता रूपर्ट लॅनियन. आपण बावीस वर्षं रंगभूमी गाजवली, असं तो स्वतः सांगायचा; दुसरं कोणी सांगायला अजून पुढे आलं नव्हतं. हा भाग वरिष्ठांना आवडला, तर पुढचे बारा भाग त्याचे होते.

यंत्रमानवाच्या पत्र्यात शिरणारा आल्फी ब्रोगन मात्र गोलमटोल, भाबड्या डोळ्यांचा. डोक्याविना तो पत्रा घालून उभा राहिला, तेव्हा बंबातून कोणीतरी डोकावतंय असं वाटलं.

"काढ ते," डेस्मंड म्हणाला. "यंत्र हुबेहूब माणसासारखं दिसतं असं दाखवू. दोघांनाही सारखेच गणवेश. दोघंही ओरडतील, 'मी माणूस आहे, यंत्र तो आहे!' शेवटी कॅप्टन गोळी झाडेल."

"प्रेक्षक गोंधळणार नाहीत?" आल्फीनं विचारलं.

"माझा चेहरा असताना?" रूपर्ट हसला. निदान त्याला तसं वाटलं.

चित्रीकरण झालं. आल्फी गयावया करताना कॅमेरावाल्यानं डोळे पुसून नाक शिंकरलं. रूपर्टनं संताप, करुणा आणि विश्वाची चिंता एकाच वेळी चेहऱ्यावर आणली. ती तिन्ही तिथवर पोचली की वाटेतच उतरली, ते कळलं नाही.

वरच्या काचेच्या खोलीतून विभागप्रमुख ऑर्मरॉडबाई खाली आल्या. संहिता न वाचण्याचा त्यांचा शिरस्ता होता.

"अंगावर काटा आला!" त्या म्हणाल्या. "तो मारेकरी! चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. डोळे तर अगदी काचेच्या गोट्या. असं यंत्र मी आजवर पाहिलं नव्हतं."

आल्फी लाजला. "आभारी आहे, बाई."

"तुम्ही नाही हो. तुम्ही बिचारे कॅप्टन. हे!" बाईंचं बोट रूपर्टच्या छातीवर टेकलं.



"बाई, कॅप्टन मी आहे," रूपर्ट म्हणाला. "हा अपमान आहे. मी संतापलोय!"

"बघा!" बाई डेस्मंडला म्हणाल्या. "संतापल्यावरसुद्धा काही नाही!" मग त्यांनी फर्मान काढलं. गोळीनंतर जिंकलेलं यंत्र कॅप्टन म्हणून मिरवेल, आल्फी जखमी होऊन वाचेल, आणि बाराही भाग दोघं एकमेकांच्या मागावर राहतील. "जमेल ना?"

रूपर्टनं एका हातानं राजीनामा लिहिण्याचा विचार केला आणि दुसऱ्या हातानं करारावर सही केली.

शनिवारी संध्याकाळी भाग लागला, तेव्हा तो सोफ्याच्या टोकाला अंग चोरून बसला. बायकोला, हिल्डाला, त्यानं काही सांगितलं नव्हतं. थंडगार डोळ्यांचं ते यंत्र पडद्यावर वळलं, तेव्हा हिल्डानं विणकाम खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले.

"रूपर्ट," ती म्हणाली, "खरं सांगू? इतकी वर्षं तुझी नाटकं बघतेय. पण घरातला तू जसाच्या तसा आजच दिसलास बघ."