वयनी आधी वजीर वाढतात

धारगळच्या हमरस्त्यावरून जाणारा आणि शेवंतीवयनींचा वजीर न खाल्लेला ट्रकवाला मला अजून भेटायचाय. रस्त्याकडेला त्यांची खानावळ, तिला लागून माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. खानावळीत सकाळी पाव-पातळभाजी, दुपारी बांगड्याचं हुमण, आणि गिऱ्हाईक जरा निवांत दिसलं की बाकावर बुद्धिबळाचा पट. पट वयनींच्या नवऱ्याचा. तो गेला, पट राहिला. हरवलेल्या प्याद्यांच्या जागी काजूच्या बिया असतात.

वयनी जशा वाढतात तशाच खेळतात. समोरच्याला नको म्हणायची सोय नाही. "खा रे झिला, घोडो खा. लाजू नको." घोडा जातो, उंट जातो. मग पदर खोचून वजीरच पुढे सरकवतात, "ह्यो पण घे. गरम आसा." वजीर फुकट मिळतोय म्हटल्यावर सोडतो कोण? डिचोलीच्या खाणीवरचा कोल्हापुरी ड्रायव्हर मिशीला पीळ देत खातो. एव्हाना त्याची सगळी फौज जेवायला गेलेली, आणि राजा शेवटच्या पट्टीत आपल्याच तीन प्याद्यांआड कोंडलेला. वयनींचा हत्ती सरळ तिथे जाऊन उभा राहतो. मात!

"पोट भरलां मरे?" वयनी विचारतात. "आता हात धू."

चहा निवायच्या आत हे सगळं आटपतं. मी इतकी वर्षं शेजारी राहून हरतोय आणि दर वेळी तो वजीर खातोच. दुसऱ्याच्या डावात मात्र मला सगळं लख्ख दिसतं.

नियम एकच. अर्ध्या पानावरून उठायचं नाही आणि अर्ध्या डावावरूनही नाही. एकदा राजभाषा मराठी की कोंकणी यावरून दोन गिऱ्हाइकं हातघाईवर आली. मराठीवाला शिव्या अस्सल कोंकणीत देत होता. वयनींनी दोघांना पटासमोर बसवलं. "आदी डाव संपवा, मगीर मारामारी करा." डाव संपेपर्यंत कुणी कुणाला काय म्हटलं होतं तेच दोघे विसरले.

वयनींचा मुलगा विनू पुण्याला कारखान्यात आहे. चवथीला येतो आणि विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळची गाडी धरतो. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीही तो पिशवी घेऊन बाकावर बसला. वयनींनी पट मांडला. "गाडी येयसर एक डाव."

वाढप सुरू झालं. घोडा, उंट, वजीर. विनूने भराभर खाल्लं. त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं. त्याचा राजा तीन काजूबियांआड, शेवटची पट्टी रिकामी, वयनींच्या हत्तीसमोर मैदान मोकळं. एका चालीची मात, मलासुद्धा दिसली!

वयनींनी कडेचं प्यादं एक घर सरकवलं.

मला वाटलं, चष्मा विसरल्या. पुढच्या खेपेला त्यांचा राजा एक घर उजवीकडे गेला. त्याच्या पुढच्या खेपेला परत डावीकडे. मी न राहवून तोंड उघडलं, "वयनी, हत्ती..." त्यांनी त्यात गरम भजं कोंबलं.

"आये, मी हरलंय. सोड आता."

"वजीर माजो तुज्याकडे, मगीर हरलंस कसो? खेळ."

गाडी आली. हॉर्न वाजला. विनू अर्धवट उठला.

"खाली बस," वयनी पटावरची नजर न काढता म्हणाल्या. "तुजी चाल."

आवाज नेहमीचाच होता, पण बोटाने हत्ती जागीच दाबून धरला होता. त्या बाईला आणखी एक रात्र हवी होती, बस्स. साऱ्या हमरस्त्याला आग्रह करकरून वाढणाऱ्या वयनींना स्वतःसाठी एवढंसं मागता येत नव्हतं.

विनूने आईकडे पाहिलं. मग पिशवी बाकाखाली सारली आणि खाली बसला. गाडी वळणाआड गेली. त्याने घोडा उचलून कुठेतरी ठेवला. वयनींनी हत्ती थेट शेवटच्या पट्टीत नेला.

"पोट भरलां मरे?"

"ना गे आये," विनू म्हणाला.

"मगीर हात धू. वाढतंय."